नोंदवहीचे रकाने



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला तेव्हा आम्ही 'नोंदवही' असे उत्तर दिले. कामगार चळवळीतला माणूस, म्हणजे हजेरीपटावर बोलणार, असे त्यांना वाटले. ते खोटे नाही. पण आज ज्या हजेरीपटाविषयी बोलायचे आहे तो संगणकांचा आहे. दोन संगणक एकमेकांशी बोलतात तेव्हा त्या बोलण्याची नोंद कशी ठेवावी, साऱ्या जगाने ती एकाच नमुन्यात ठेवायची झाल्यास तो नमुना कसा असावा, आणि उद्या नवी गरज निघाली तर जुन्या वह्या रद्दीत न घालता त्यात नवा रकाना कसा जोडावा, हा आजचा विषय आहे.

आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढे जे शिकलो ते संघटनेच्या कचेरीत, कायद्याची पुस्तके आणि वर्तमानपत्रे वाचता वाचता. तेव्हा या विषयाचे आम्ही पंडित नव्हे. परंतु नोंद नसली म्हणजे काय होते, आणि नोंद असूनही ती जुळत नसली म्हणजे काय होते, हे आम्ही भोगले आहे. तेवढ्या अधिकारावर बोलत आहोत.

तीन वह्या

गोष्ट १९९८ च्या हंगामातली. आपल्या जिल्ह्यातल्या एका जिनिंगमध्ये रोजंदारीवर काम करणाऱ्या बाया संघटनेच्या कचेरीत आल्या. त्यांतली एक वयस्क बाई पुढे होऊन म्हणाली, "भाऊ, म्या बारा दिवस भरले, अन् यायनं नऊच मांडले. काहून?" या 'काहून'चे उत्तर शोधायला आम्ही निघालो, आणि आम्हांला एक सोडून तीन वह्या मिळाल्या.

पहिली फाटकावरच्या चौकीदाराची. तीत आलेल्या माणसाचे नाव आणि वेळ होती. पण गर्दी झाली की 'गंगूबाई व सोबत चार' एवढेच लिहिलेले. दुसरी मुकादमाची. तीत नावे मुळीच नव्हती; टोळीचा क्रमांक आणि बायांची संख्या होती. तिसरी आमच्याच कार्यकर्त्याची. त्याने तारखेऐवजी 'बाजारापासून तिसरा दिवस' अशी गणती ठेवली होती. त्यात आणखी एक घोळ होता. रात्रपाळीला चौकीदार मध्यरात्रीनंतर पुढची तारीख घाली, आणि मुकादम ती सारी पाळी आदल्या दिवसाच्या खाती मांडी.

आम्ही पंधरा दिवस त्या तीन वह्या घेऊन बसलो. कोणी जाणूनबुजून खोटे लिहिले होते असे आम्हांला आजही छातीवर हात ठेवून म्हणता येणार नाही. पण एका वहीतली ओळ दुसऱ्या वहीतल्या कोणत्या ओळीची जोडीदार आहे, हेच ठरेना. ज्या अधिकाऱ्यापुढे तक्रार गेली होती ते गृहस्थ सहानुभूतीचे होते. ते म्हणाले, "तुमच्या तिन्ही वह्या खऱ्या असतील, पण त्या एकमेकींशी बोलत नाहीत." शेवटी तडजोड झाली. काही दिवसांची मजुरी मिळाली, काहींची बुडाली. त्या बाईचे तीन दिवस बुडाले ते बुडालेच.

या प्रसंगातून एक गोष्ट आम्ही शिकलो. नोंदीचा नमुना भांडणाच्या आधी ठरला पाहिजे. भांडण उभे राहिल्यावर जो तो आपल्या सोयीचा रकाना दाखवतो, आणि ज्याच्या हाती लेखणी नसते त्याची बाजू पडते.

रेल्वेने हे केव्हाच ओळखले

आपल्या जिल्ह्यातून मुंबई-नागपूर लोहमार्ग जातो. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा हा मार्ग १८६७ साली नागपूरला पोचला, आणि १८७० साली जलंबहून खामगावच्या कापूसबाजाराकडे फाटा निघाला. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव या स्टेशनांवर आपण अनेकदा उतरलो असू. पण स्टेशन मास्तराच्या टेबलावरची मोठी वही फार थोड्यांनी पाहिली असेल. तिला ट्रेन सिग्नल रजिस्टर म्हणतात.

रेल्वेच्या अॅब्सोल्यूट ब्लॉक पद्धतीचा नियम असा, की लागोपाठच्या दोन स्टेशनांमधल्या तुकड्यात एका मार्गावर एका वेळी एकच गाडी असावी. त्यासाठी हे स्टेशन पुढच्या स्टेशनाला विचारते : गाडी सोडू का? पुढचे स्टेशन रूळ मोकळा असल्याची खात्री करून लाइन क्लिअर देते. गाडी सुटली की हे स्टेशन तसे कळवते. गाडी पुरी पोचली की ते स्टेशन उलट कळवते. कोणी कोणाला, कोणत्या क्रमाने, काय विचारायचे आणि काय उत्तर द्यायचे, हे सारे आधी ठरलेले असते. अशा ठरलेल्या संभाषणालाच संगणकाच्या भाषेत प्रोटोकॉल म्हणतात.

या संभाषणाची नोंद दोन्ही टोकांना होते, आणि दोन्हीकडे रकाने सारखे असतात. लाइन क्लिअर केव्हा मागितली, केव्हा मिळाली, गाडी केव्हा सुटली, केव्हा पोचली. मधल्या रुळांवर नोंद करणारा कोणी बसलेला नसतो. तरी दोन वह्या शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे मधल्या तुकड्यात काय घडले असेल ते कळू शकते. फोनवरून महत्त्वाचे आश्वासन द्यायचे असल्यास त्यासोबत प्रायव्हेट नंबर देतात आणि दोघेही तो आपापल्या वहीत लिहितात. या नंबरामुळे या वहीतल्या ओळीला त्या वहीतली जोडीदार ओळ सापडते.

आणखी दोन नियम पाहा. रोज १६.०० वाजता प्रमाण वेळेचा संकेत मुख्य स्टेशनांना पाठवून घड्याळे जुळवावीत, असे रेल्वेचे सामान्य नियम सांगतात. आणि रजिस्टरात चुकीची नोंद झाली तर ती खोडरबराने पुसायची नाही. वाचता येईल अशी एक रेघ तिच्यावर ओढून वर बरोबर नोंद लिहायची. ज्याने हे नियम केले त्याला माणसाचा स्वभाव चांगला ठाऊक असला पाहिजे.

पुढे सिग्नलखोल्यांत यंत्रे आली, तशी नोंदही यंत्राकडे गेली. लखनौच्या आरडीएसओ या रेल्वेच्या संशोधन संस्थेने डेटा लॉगर नावाच्या नोंदयंत्राचे विनिर्देश २००६ साली काढले. कोणता सिग्नल, कोणता सांधा, कोणत्या क्षणी कोणत्या स्थितीत गेला, हे ते यंत्र टिपते.

मोबाइलची गाडी

आता हेच आपल्या खिशातल्या फोनकडे लावू. तुम्ही फोनवरून एखादा अर्ज पाठवता. तो अर्ज अखंड जात नाही. त्याची लहान लहान पाकिटे होतात आणि प्रत्येकावर क्रमांक पडतो. पलीकडचा संगणक, ज्याला सर्व्हर म्हणतात, ती पाकिटे घेतो आणि 'अमुक क्रमांक मिळाले' अशी पोच देतो. ज्याची पोच आली नाही ते पाकीट हरवले असे समजून त्यातला मजकूर फोन पुन्हा पाठवतो. आणि रस्त्यावर गर्दी दिसते म्हणून पुढची पाकिटे सोडण्याचा वेगही कमी करतो. या देवघेवीचा जुना व सर्वत्र चालणारा प्रोटोकॉल म्हणजे टीसीपी. त्याची प्रमाण संहिता १९८१ साली निघाली.

टीसीपीत पाकिटांचे क्रमांक आणि पोचपावत्या उघड्या लिहिलेल्या असतात. त्यामुळे तक्रार आली की रस्त्यात मध्येच एखादा जाणकार बसून जाणारी-येणारी पाकिटे मोजू शकतो आणि खोट कुठे आहे ते सांगू शकतो. पण जे जाणकाराला दिसते ते पाळत ठेवणाऱ्यालाही दिसते. म्हणून नवा प्रोटोकॉल निघाला. त्याचे नाव क्विक. गूगल कंपनीत २०१२ च्या सुमारास त्याचे काम सुरू झाले. २०१६ साली इंटरनेटचे प्रमाण नमुने ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेने त्यासाठी कार्यगट नेमला. आणि मे २०२१ मध्ये आरएफसी ९००० या क्रमांकाने त्याची संहिता प्रसिद्ध झाली. वेबपृष्ठे वाहून नेणारा एचटीटीपीचा तिसरा अवतार याच क्विकवर बसतो. त्याची संहिता जून २०२२ ची.

क्विकमध्ये मजकूर तर कुलूपबंद असतोच, पण पाकिटाचा क्रमांक आणि पोचपावतीही कुलूपबंद असते. आपल्या खासगीपणाच्या दृष्टीने हे फार चांगले झाले. मात्र त्यामुळे मध्ये बसलेल्या जाणकाराला फक्त बंद पाकिटे जाताना दिसतात. आत काय घडले ते दोन टोकांनाच ठाऊक. रेल्वेच्या दोन स्टेशनांमधल्या तुकड्यासारखीच ही स्थिती झाली. तेव्हा दोन्ही टोकांनी आपापली वही ठेवणे, आणि ती सारख्या रकान्यांत ठेवणे, हाच सोयीचा मार्ग उरला.

ही गरज ध्यानात येईना असे ज्यांना वाटत असेल त्यांनी कोणत्याही सेवा केंद्रावर जाऊन तासभर उभे राहावे. "सर्व्हर डाऊन आहे" हे वाक्य ऐकू येईल. पूर्वी "साहेब दौऱ्यावर गेलेत" असे सांगत, त्याचाच हा नवा अवतार. फोनवाला सर्व्हरवाल्याकडे बोट दाखवतो, सर्व्हरवाला फोनच्या कंपनीकडे, आणि ज्याच्या अर्जाची मुदत संध्याकाळी संपते तो शेतकरी किंवा मजूर दोघांकडे पाहत राहतो.

बेल्जियममधला एक विद्यार्थी

क्विक तयार होत असताना अनेक कंपन्या आणि विद्यापीठे आपापल्या परीने त्याचे प्रोग्राम लिहीत होती. प्रत्येकाची नोंद निराळी. एक लिहितो 'पाठवले', दुसरा लिहितो 'टीएक्स', तिसरा नुसता बाण काढतो. एक सेकंद मोजतो, दुसरा सेकंदाचा हजारावा भाग. आमच्या त्या तीन वह्याच म्हणा ना. त्या वेळी बेल्जियममधल्या हॅसेल्ट विद्यापीठातल्या रॉबिन मार्क्स या संशोधक विद्यार्थ्याने २०१८ साली असा विचार मांडला, की सर्वांनी नोंदीचा एकच रकानेबंद नमुना वापरावा. आडनाव मार्क्स असल्याचे ऐकून आमचे कार्यकर्ते फार खूष झाले. त्यांना सांगावे लागले की हा मार्क्स निराळा. या नमुन्याला क्यूलॉग म्हणतात. त्याचा मसुदा २०१९ साली आयईटीएफपुढे आला आणि २०२१ साली क्विकच्या कार्यगटाने तो आपल्या कामात घेतला. लुका निकोलिनी, मार्टेन सीमन आणि लुकस पार्ड्यू हे मसुद्याचे इतर लेखक होत.

आयईटीएफच्या कामाची रीत आमच्यासारख्या संघटनेच्या माणसाला मोठी कुतूहलाची वाटली. तिथे सभासदत्वाची वर्गणी भरून मत मिळवायचे नसते. ज्याला काही सांगायचे आहे तो चर्चेत येतो. हात मोजून ठराव संमत करण्यापेक्षा सर्वसाधारण सहमती पाहतात. आणि सभेचा कल कळावा म्हणून कधी कधी लोकांना हुंकार द्यायला सांगतात. हुंकार मोठा आला तरी एखाद्याची हरकत मुद्द्याची असेल तर तिला उत्तर दिल्यावाचून पुढे जाऊ नये, असा संकेत आहे. संहितांना 'टीकाटिप्पणीची विनंती' असे नम्र नाव १९६९ सालापासून चालत आले आहे. आरएफसी म्हणजे तेच. आमच्या कित्येक सभांनी हा धडा घेण्याजोगा आहे.

नोंदीचा प्रश्न संगणकवाल्यांना नवा होता असे मात्र नाही. १९८० च्या दशकात एरिक ऑलमन यांनी सिसलॉग नावाची नोंदपद्धत काढली व ती फार पसरली. तीत बरीचशी नोंद मोकळ्या वाक्यात असे. प्रत्यक्षात काय चालले आहे याचे वर्णन २००१ साली झाले, आणि रकानेबंद माहितीची सोय असलेला प्रमाण नमुना २००९ साली ठरला. मोकळे वाक्य माणसाला गोड लागते. पण लाख ओळींतून 'उशीर झाला' असे लिहिलेल्या ओळी वेगळ्या काढून उशीर किती, याची बेरीज करायची झाली म्हणजे रकान्यावाचून गती नाही.

वही उघडून पाहू

आमच्या एका कार्यकर्त्याची मुलगी संगणकाच्या नेटवर्कचे काम करते. तिने आम्हांला अशी वही पडद्यावर उघडून दाखवली. "काका, हे पाहा," ती म्हणाली, "प्रत्येक ओळीला तीनच मुख्य गोष्टी : वेळ, घटनेचे नाव, आणि तपशील." मुखपृष्ठावर लिहिलेले असते की ही वही कोणत्या टोकाची, फोनची की सर्व्हरची, आणि वेळ कशापासून मोजली आहे. घटनेच्या नावाचे दोन भाग असतात : आधी प्रोटोकॉलचे नाव, मग काय घडले ते. 'क्विक : पाकीट पाठवले', 'क्विक : पाकीट मिळाले', अशा अर्थाची ती नावे. तपशिलात पाकिटाचा क्रमांक, आकार वगैरे.

समजा, फोनच्या वहीत पाचवे, सहावे आणि सातवे पाकीट पाठवल्याची नोंद आहे, पण पोच पाचव्याची आणि सातव्याचीच आली आहे. नुसत्या फोनच्या वहीवरून सर्व्हरला दोष देता येईल. आता सर्व्हरची वही शेजारी ठेवा. तीत सहावे मिळाल्याची नोंदच नसेल, तर ते वाटेत हरवले, सर्व्हर निर्दोष. तीत सहावे मिळाले असून पोच पाठवल्याची ओळ नसेल, तर चूक सर्व्हरच्या प्रोग्रामची. आणि पोच पाठवल्याचीही नोंद असेल, तर परतीच्या वाटेवर शोधले पाहिजे. दोन वह्या, तीन शक्यता, आणि उत्तर एक. इथे पाकिटाचा क्रमांक रेल्वेच्या प्रायव्हेट नंबराचे काम करतो. दोन्ही टोकांची घड्याळे थोडी मागेपुढे असली तरी क्रमांकावरून जोडीदार ओळ सापडते.

नमुना एक ठरल्यामुळे दुसरा लाभ झाला. वाचण्याचे साधन एकदाच बनवावे लागले. क्यूव्हिस नावाचे असे साधन त्याच मंडळींनी केले. त्यात दोन टोकांच्या दोन उभ्या रेघा आणि त्यांच्यामध्ये पाकिटांचे तिरपे बाण दिसतात. आम्ही ते चित्र पाहताच म्हणालो, "अगं, हा तर कंट्रोलचा आलेख!" रेल्वेच्या कंट्रोल कचेरीत गाड्यांचा असाच आलेख काढतात, एका बाजूला स्टेशने, दुसऱ्या बाजूला वेळ, आणि प्रत्येक गाडीची एक तिरपी रेघ. रेघ आडवी झाली की गाडी कुठे अडकली ते लांबूनच दिसते.

शेऱ्याचा रकाना

आता नमुना ठरवणारांपुढच्या खऱ्या अडचणीकडे येऊ. रकाने पक्के केले तर नवी गोष्ट लिहायला जागा राहत नाही. मोकळे सोडले तर जो तो मन मानेल तसे लिहितो आणि पुन्हा तीन वह्या होतात.

आपल्या सरकारी नमुन्यांत यावर एक उपाय असतो : शेवटचा 'शेरा' हा रकाना. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' म्हणून जागा असते तीही याच जातीची. ज्याला कुठे घर नाही ते तिथे जाऊन बसते. हा उपाय उपयोगी आहे, पण कालांतराने सारा महत्त्वाचा मजकूर शेऱ्यातच गर्दी करतो, आणि शेरा हे मोकळे वाक्य असल्यामुळे त्याची बेरीज-वजाबाकी होत नाही.

दुसरे टोक म्हणजे दर कामाला निराळी वही. कामगार कायद्यांखाली हेच झाले होते. २०१७ साली केंद्र सरकारने नऊ कायद्यांखालच्या ५६ नोंदवह्यांऐवजी पाच सामायिक नोंदवह्यांचे नियम केले. नोकरांची, मजुरीची, कर्ज व कपातींची, हजेरीची आणि रजा-विश्रांतीची, अशा त्या पाच. मालकांची सोय हा त्यामागचा हेतू उघड होता. परंतु ५६ वह्यांत हरवलेली एक कपात शोधण्यात ज्यांनी दिवस घालवले आहेत, त्यांना एका ठिकाणी सापडणारी कपात मजुराच्याही सोयीची वाटेल.

क्यूलॉगने मधली वाट काढली. मूळ आराखडा हा एक स्वतंत्र दस्तऐवज ठेवला. त्यात फक्त सर्वांना लागू असे आहे : वही कशी सुरू व्हावी, वेळ कशी लिहावी, घटनेला नाव कसे द्यावे. क्विकच्या घटना दुसऱ्या दस्तऐवजात, एचटीटीपी-३ च्या तिसऱ्यात. उद्या चौथा प्रोटोकॉल आला तर त्याने मूळ आराखड्याला हात न लावता आपल्या घटनांची यादी जोडावी, आणि आपण कोणती यादी वापरली ते वहीच्या मुखपृष्ठावर नाव-पत्त्यासह लिहावे. घटनेच्या नावात प्रोटोकॉलचे नाव आधी येत असल्यामुळे दोघांनी एकच शब्द वापरला तरी घोटाळा होत नाही. गावात दोन गणपत असले तरी आडनावाने ओळखू येतात तसे.

वाचणाऱ्या साधनावरही एक बंधन येते. अनोळखी रकाना दिसला तर त्याने अडून बसू नये. जे कळते ते वाचावे, जे कळत नाही ते बाजूला ठेवावे. नवा रकाना पाहून जुन्या कारकुनाने सगळी वहीच परत केली, तर कोणताही नमुना वाढू शकणार नाही. त्याशिवाय घटनांच्या तीन पायऱ्या केल्या आहेत. काही घटना गाभ्याच्या. त्यांच्यावाचून वही निरुपयोगी. काही पायाच्या, तपासाला बहुधा लागणाऱ्या. काही जास्तीच्या; हवे असल्यास लिहाव्या. नोंद लिहिण्यालाही वेळ आणि जागा लागते, तेव्हा सर्वांवर सर्व लादले की कोणीच काही लिहीत नाही.

एक बारीक गोष्ट सांगण्याजोगी आहे. या वह्या जेसन नावाच्या लेखनपद्धतीत लिहितात. ती माणसालाही वाचता येते. तिच्यात सारी वही एका कंसात असते आणि तो कंस शेवटी बंद करावा लागतो. प्रोग्राम मध्येच कोसळला तर कंस उघडाच राहतो आणि काटेकोर वाचक ती वही नाकारतो. पण प्रोग्राम का कोसळला हे पाहायलाच तर वही हवी! म्हणून प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे पुरी होईल अशी दुसरी पद्धतही क्यूलॉगने स्वीकारली. तिची संहिता २०१५ ची आहे. आमच्या बायांना हे लगेच कळले. महिन्याच्या शेवटी एकदम सही घेणारा हजेरीपट, आणि रोजच्या रोज सही घेणारा हजेरीपट, यांत जो फरक तोच हा. मुकादम महिन्याच्या मध्येच पळाला तर पहिल्या पटाची किंमत शून्य. दुसऱ्यातले भरलेले दिवस तरी शाबूत राहतात.

लेखणी कोणाच्या हाती

इथवर आम्ही नोंदीचे गुणगान केले. पण आम्ही कामगारांत वावरणारे. नोंदवहीचे दुसरे तोंडही आम्ही पाहिले आहे. चहाला कोण किती वेळ गेली, संघटनेच्या माणसाशी कोण बोलली, याच्याही वह्या असतात, आणि त्या मजुरी द्यायला कधी उघडत नाहीत.

संगणकाच्या नोंदीतही हा धोका आहे. कोणता फोन, कोणत्या पत्त्यावरून, किती वाजता, कोणाशी बोलला, हे सर्व वहीत येऊ शकते. ज्या क्विकने खासगीपणासाठी पाकिटाला कुलूप लावले, त्याच क्विकची वही कुलपाबाहेर पडून राहिली तर कुलूप लावून काय मिळवले? क्यूलॉगच्या मसुद्यात यासाठी स्वतंत्र भाग आहे : ओळख पटवणारा तपशील गाळावा किंवा झाकावा, नोंद गरजेपुरतीच ठेवावी, ती कोणाला पाहता येईल यावर निर्बंध असावा.

आपल्या देशात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू कायद्यात आल्या आहेत. सर्ट-इन या संगणक-सुरक्षेच्या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी आदेश काढला, की संस्थांनी आपल्या यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस भारतात जपून ठेवाव्यात, आणि घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवावीत. रेल्वेचा १६.०० वाजताचा नियम इथे पुन्हा भेटतो. पुढच्याच वर्षी, २०२३ साली, वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने संमत केला. एक म्हणतो ठेवा, दुसरा म्हणतो जपून आणि गरजेपुरते ठेवा. हे विरोधी नाही. कोणत्याही वहीविषयी तीन प्रश्न विचारले म्हणजे मार्ग दिसतो : तीत काय लिहिता, ती कोण वाचतो, आणि ती केव्हा नष्ट करता? यांची उत्तरे मिळत नसतील तर वहीवर सही करू नये, असे आम्ही आमच्या लोकांना सांगतो. तुम्हांलाही तेच सांगतो.

शेवटी आमच्या वहीची हकीकत सांगून रजा घेतो. १९९८ च्या त्या प्रकरणानंतर संघटनेने आपली वही छापून घेतली. चार रकाने : तारीख, नाव, पाळी कोणत्या दिवशी सुरू झाली, आणि बाईचा अंगठा किंवा सही. वहीच्या पहिल्या पानावर नियम छापला, की खाडाखोड करायची नाही, रेघ ओढायची. पानाच्या उजवीकडे दोन रकाने आखून कोरे सोडले. दोन हंगामांनी सरकीची पोती उचलणाऱ्या बायांनी मागणी केली की पोत्यांची संख्या लिहिली पाहिजे, कारण ठेका पोत्यांवर येऊ लागला होता. पहिल्या कोऱ्या रकान्याला 'पोती' हे नाव मिळाले. ज्या टोळ्यांना तो लागत नव्हता त्यांनी तो रिकामा ठेवला. जुन्या वह्या आजही नव्या वह्यांशेजारी ठेवून वाचता येतात.

ती 'काहून' विचारणारी बाई पुढे बरीच वर्षे कामावर होती. तिला लिहिता येत नव्हते. पण रोज संध्याकाळी ती वही मागून घेई, आपल्या नावापुढचा रकाना बोटाने चाचपून पाही, आणि मगच अंगठा लावी. दुसरा कोरा रकाना अजून कोराच आहे. त्यात काय येईल हे ज्यांना लागेल ते ठरवतील.